बाळ निळं पडलं तेव्हा

मित्रांनो, मी जुना मॉनिटर आहे, पण बिघडलेला नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण मध्यंतरी माझ्यावर असा काही आळ आला होता, की अजूनही कोणी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं की मला धडधडायला लागतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला लाल केलं, हिरवं केलं, निळं केलं, मग पांढरं शुभ्र केलं आणि मान डोलावून खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते एका फोटो स्टुडिओत. हा स्टुडिओ नणंद-भावजयीचा. नणंद फोटो काढायची आणि भावजय ते माझ्यासमोर बसून नीट करायची. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनींची खोली पाहण्यासारखी होती. भिंती करड्या, खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात एकच दिवा. रंगीत कपड्याची झाक माझ्या काचेवर पडते म्हणून त्या कामाला बसताना साडीवरून करडा डगला चढवायच्या. महिन्यातून एकदा त्या माझ्या तोंडावर एक छोटं यंत्र लटकवायच्या. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं बेडूक. मी एकामागून एक रंग दाखवायचो, बेडूक ते मोजायचा, आणि माझं कुठे पाऊल घसरत असेल तर संगणक मला सरळ करायचा. पडद्यावर दिसतो तोच रंग कागदावर उतरावा, म्हणून ही खटपट. बेडूक गुदगुल्या करतो, पण त्या दिवशी मला नवीन कपडे घातल्यासारखं वाटायचं.

"माझ्या वहिनीच्या हातून गेलेला फोटो म्हणजे आरशात पाहिल्यासारखा," असं नणंद येईल त्याला सांगायची. माझं नाव कोणी घेत नसे, पण मी मनातल्या मनात फुगायचो.

असं सगळं छान चाललेलं असताना एक दिवस एक बाई छापलेले फोटो घेऊन आली. तिच्या तान्ह्या बाळाचे होते ते.

"ताई, रागावू नका," ती नणंदेला म्हणाली, "पण माझं बाळ गारठल्यासारखं दिसतंय हो. ओठ बघा, निळे पडलेत. सासूबाई तर घाबरल्याच."

नणंदेने फोटो पाहिले आणि वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी ते दिव्याखाली धरले, उलटे केले, परत सुलटे केले.

"निळं कुठाय यात?" त्या म्हणाल्या. "मला तर छान दिसतंय."

बाई गेली. वहिनी आधी छापखानेवाल्यावर घसरल्या. त्याने हात वर केले. मग त्यांची नजर माझ्यावर वळली.

"हाच पिवळा पडलाय, वन्सं. पिवळं दिसतं म्हणून मी निळा वाढवते, आणि तिकडे बाळ निळं होतं."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन पडेना. बेडूक रोज माझ्या तोंडावर. बेडूक म्हणायचा, बरोबर. वहिनी म्हणायच्या, खोटं. काच पुसायच्या, दिवा बदलायच्या, खुर्चीवरून उठायच्या, परत बसायच्या. मला ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड असलं तरी वाचा नाही. शेवटी माझी तार काढली आणि मला भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवलं. माझ्या जागी छापखानेवाल्याकडून उसना आणलेला कोरा करकरीत मॉनिटर आला. दोन दिवस मी भिंत बघत बसलो. तिसऱ्या दिवशी वहिनींचा आवाज ऐकला.

"हाही पिवळाच! सगळे मेले एका माळेचे मणी!"

नवा परत गेला आणि मी टेबलावर आलो. नणंद दारात उभी राहून वहिनींकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

एका दुपारी वहिनींच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. त्यांनी तो तळहाताने झाकला. तेव्हा माझ्या पडद्यावर रंग तपासायची करडी पट्टी उमटलेली होती. वहिनी एकदम थबकल्या. मग उजवा उघडून डावा झाकला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

"वन्सं, जरा इकडे या. ही पट्टी कसली दिसते?"

"करडी."

"आणि आता?"

"अगं, डोळा तू झाकलायस, मी नाही!"

नणंद हसली, पण वहिनी हसल्या नाहीत. "उजव्याने मातकट दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "वन्सं, माझे डोळेच गेले तर मी कसली कामाची?"

"गेले कुठे? उद्या दाखवायला जायचं."

"उद्या नको. हातातलं संपू दे."

"वहिनी, बाहेरच्या पाटीवर नाव माझं आहे, पण ते उभं आहे तुझ्या डोळ्यांवर. उद्याच जायचं. मी डगला लपवून ठेवते, बघू कशी बसतेस कामाला."

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत मी बंदच होतो, पण बंद पडद्यालाही झोप लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी परत आल्या त्या काळा चष्मा लावून. नणंदेने पडदा थोडा सरकवला. वहिनींनी चष्मा काढला आणि आधी नणंदेकडेच पाहिलं.

"अगं बाई! वन्सं, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"कधीचेच झालेत. तुला सोनेरी दिसत होते तेच बरं होतं."

मग त्या माझ्यासमोर बसल्या. उजवा डोळा झाकला, तर त्यांच्या लक्षात आलं की ज्याला चांगला समजत होत्या तो डावाही चहाच्या पाण्यातून बघत होता. मग त्यांनी बाळाचा फोटो उघडला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे लेकरू खरंच गारठलंय की!"

यथावकाश डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. वहिनींनी निळा उतरवला, तशी बाळाच्या गालांवर ऊब आली. बाळाची आई नवे फोटो न्यायला आली तेव्हा बाळ रांगायला लागलं होतं. तिने फोटो छातीशी धरला, आणि वहिनींनी माझ्या चौकटीवरून हात फिरवला. माफी वगैरे मागितली नाही. मॉनिटरची माफी कोण मागतं?

आता माझा उजेड खरोखरच मंदावत चाललाय. आज ना उद्या बेडूकही नकारार्थी मान हलवेल, आणि मग मला खुशाल निवृत्त करा. तोवर एक विनंती आहे, मित्रांनो. आम्हाला धूळ बसू देऊ नका, अधूनमधून तपासत राहा, रंग चुकला तर आमच्यावर संशयही घ्या. पण आम्ही बरोबर निघालो, तर तपास तिथेच थांबवू नका. घरात कोणी दिवा मोठा कर म्हणत असेल, पांढऱ्या कपड्याला पिवळा म्हणून भांडत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एकेक डोळा झाकून बघायला सांगा, आणि तो उद्यावर ढकलायला लागला, तर त्याचा डगला लपवून ठेवा.