तापवून आनलेलं इंजन

लेण्याद्रीच्या गणपतीची आण घिऊन सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. ज्याला खोटं वाटंल त्यानं माझ्या म्होरं यावं, कानाखाली जाळ काढीन.

माझी नात हर्षाली घोडेगावला कॉलेजात जाती. आमचं घर डिंभ्याच्या धरणापल्याड. रस्त्यानं डोंगराला वळसा घालायचा तर आख्खी सकाळ जाती, म्हून तिला रोज पानी वलांडाया लागतं. जुनी लाकडी होडी फुटली. दुसरी आली न्हाई तर पोरीचं कॉलेज बंद, अन् तिचा बाप, माझा ल्योक भिमाजी, तिला उजवून मोकळा व्हनार. म्हून मी माझी दुभती म्हैस इकली.

अन् ह्या भिमाजीनं काय करावं? नारायणगावच्या ऋतिकची इंजनाची जुनी बोट फोटूत बघितली अन् मोबाईलवरूनच इसार धाडला. माझं डोकं असं सणाकलं का चुलीवरचं कालवण जाळाबिगर उकळलं.

ऋतिक टेम्पोत बोट घालून आला. आमी काठावर पोचलो तवर त्यानं ती पान्यात सोडलेली. काळा चष्मा, तोंडात च्युइंगम. एका हिसक्यात इंजन सुरू करून दावलं, अन् ऐंशी हजाराला रुपाया कमी न्हाई म्हनला. मी बोट वाजवून बघाया वाकले तर म्हनतो कसा, "आजी, तुमी सावलीत बसा. ह्यातलं पुरुषमानसं बघतील."

बसते का मी. बुड एका जागी भद्द वाजलं, अन् वरून ताजा निळा रंग. इंजनाला हात लावला तर चटका बसला. आमी यायच्या आधीच ह्यानं पळवून तापवलेलं, म्हंजी गार असताना सुरू व्हत न्हाई ही खोड कळू नये. बाजारात म्हैस इकायला आनत्यात तवा सकाळची धार काढत न्हाईत, कास तुंबवत्यात. गिऱ्हाईकाला वाटतं दुधाचा हंडाच घरी चालला. तसलीच ही लबाडी.

मी गोड तोंड करून म्हनले, म्हातारीला एक चक्कर मारून आन. भिमाजी बी चढला. मधोमध गेल्यावर मी इंजन बंद करायचा लाल चिमटा उपटला अन् कनवटीला खोचला. म्हनले, आता गार हू दे.

ऋतिक लागला आरडाया. तेवढ्यात वासराएवढी मरळ मासळी पान्यातून वर आली, त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं अन् बुडाली. तसा त्यो काठ सोडून बोटीच्या मधोमध सरकला. ऊन डोक्यावर आलं तवा चिमटा दिला. त्यानं दोरी वढ वढ वढली, इंजन नुस्तं खोकलं.

"आई, जाऊ दे," भिमाजी पुटपुटला. "इसार दिलाय. शब्द हाय आपला."

"खोड लपवली का इसार मोडतो, हे बेल्ह्याच्या बैलबाजारात माझ्या बापानं शिकवलं मला. अन् तू माझ्या म्हशीचा पैका फोटूला दिलास, गाढवा."

"मंग नका घिऊ," ऋतिक म्हनला.

न घिऊन कसं चालंल? पन हर्षालीचं कॉलेज अडलंय हे त्याला कशाला कळू द्यायचं. मी त्याचा हात धरला, वरून पदर टाकला अन् बाजारातल्यावानी चार बोटं दाबली. एक बोट म्हंजी धा हजार. पोराचा हात थबकला. त्याचा आज्जा बेल्ह्याच्या बाजारातला दलाल, हे मागनं कळलं; म्हून त्याला ही बोली ठावी. त्यानं सहा दाबली. मी निळ्या रंगाकडं मान केली. पाचावर आला. मंग मी मरळ बुडाली व्हती तिकडं बघत बसले. पदराखालीच चार बोटांवर, चाळीस हजाराला सौदा जमला. तिथं ठरलेलं फिरवता येत न्हाई, मग चष्मा घालनारा असू दे न्हाईतर मुंडासं.

दोघांनी बोट वल्हवत काठाला आनली. ऋतिकचं तोंड पडलेलं, म्हून मी त्याला घरी नेलं, गुळाचा चहा पाजला, पाठीवरनं हात फिरवला.

मंचरच्या मिस्त्रीनं इंजन साफ केलं, बुडाला नवं ठिगळ लावलं. हर्षाली आता सोता बोट हाकत कॉलेजला जाती. भिमाजीला मी अजून ताट आपटूनच वाढते.

बरं, चहाचं तेवढं खोटं हाय. त्या लबाडाला मी माझ्या घरचं पानी बी दावलं न्हाई.