निळा ठिपका

दादा चार वर्षांनी माझ्या गॅरेजात आला, तोही हातगाडीवर इंजिन घालून. होडीच्या मागे लावायचं ते जुनं आउटबोर्ड, आमच्या वडिलांच्या वेळचं. वाटणीत होडी आणि इंजिन त्याला गेलं, हत्यारं मला आली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

"दोरी ओढली तर हलतच नाही," तो म्हणाला. "परवापासून प्रवासी खोळंबलेत. आणखी दोन दिवस होडी बंद राहिली तर माझी फेरी दुसऱ्याला देतील."

म्हणजे गरज पडली म्हणून आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. यातलं गाढव मी, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"तुझ्या हातात गेलं तेव्हाच याची वाट लागणार हे ठाऊक होतं मला," मी सुनावलं. तो खाली बघत राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्लग काढून वरचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ढिम्म. मग बोल्ट सोडून पाण्यातल्या पंख्याकडचा खालचा भाग वेगळा केला, तर चाक गरगर फिरलं. इंजिन ठणठणीत होतं. अडकला होता तो त्याची ताकद पंख्यापर्यंत नेणारा शाफ्ट.

"खालचं तेल कधी बदललंस?"

"नाही बदललं."

"चार वर्षं? धन्य आहेस बाबा!"

तेलाचा स्क्रू उघडायला वाकलो आणि त्याच्या डोक्यावर निळा ठिपका दिसला. वडिलांची शिस्त होती: ज्याने स्क्रू आवळला त्याने वर आपला रंग लावायचा आणि तो पुन्हा त्यानेच उघडायचा. दादाचा लाल, माझा निळा. ठिपक्यावर साधा चराही पडला नव्हता.

स्क्रू काढला. तेलाऐवजी गंजाचं पाणी भळाभळा आलं. स्क्रूखालचा वायसर चिरलेला होता. वायसर दर वेळी नवा घालायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण वाटणीच्या दिवशी शेवटचं तेल बदलताना माझं डोकं फिरलं होतं. नवा शोधायला कपाटापर्यंत कोण जाणार? इंजिन आता त्याचं, तो बघेल, असं म्हणत मी जुनाच बसवला होता. त्यातून पाणी शिरलं आणि शाफ्ट बेअरिंगमध्ये गंजून बसला.

वायसर मी गुपचूप कचऱ्यात टाकला.

खालचा भाग व्हाइसमध्ये आवळला, बेअरिंगवर रॉकेल सोडलं, वाट पाहिली, पुसून तापवलं, पुन्हा वाट पाहिली. शाफ्ट तसूभर हलेना. दादा काही विचारेल या धास्तीने मला घाई झाली होती. पान्याला लांब पाईप जोडला आणि सगळं अंग टाकून ओढला. कट्कन आवाज झाला, अर्धा शाफ्ट माझ्या पान्यात आला. या इंजिनाचा शाफ्ट आता कुठे मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दादाने तो तुकडा हातात घेतला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडून तरी उघडून घ्यायला हवं होतं. पण ठिपका तुझा. दर वर्षी होडी काठावर ओढली की वाटायचं, आता तू तेल बदलायला येशील."

तेव्हा तरी खरं बोलायचं. मी म्हणालो, "निरोप तरी धाडायचास."

त्याने मान हलवली, तीही चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि रिकामी हातगाडी ढकलत निघून गेला.