मास्तरांची तीन मिनिटं

मास्तर पाण्यात उलटे लटकले होते आणि त्यांना बरं वाटत होतं.

डोक्याकडे हिरवा अंधार, पायांकडे उजेड. कयाक, म्हणजे एका माणसाची निमुळती होडी, पालथी, आणि ते तिच्यात कमरेपर्यंत अडकलेले. नवशिके इथे जिवाच्या आकांताने हातपाय झाडतात. मास्तरांना मात्र साठी उलटल्यापासून खरा निवांतपणा इथेच मिळायचा. गुडघे दुखत नाहीत, फोन वाजत नाही, गोळी घेतली का म्हणून बायको विचारत नाही. एक मासा नाकासमोर येऊन थांबला आणि ओळख न पटल्यासारखा निघून गेला. मग त्यांना आठवलं, वर घड्याळ चालू आहे.

कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बसवलेल्या रबरी झग्याचा पट्टा ओढून त्यांनी अंग सोडवलं आणि वल्हं नि कयाक न सोडता ते वर आले.

"मला वाटलं, खालीच मुक्काम ठोकताय," शेजारच्या कयाकमधून परीक्षक म्हणाली.

ती वीस वर्षांपूर्वीची त्यांचीच विद्यार्थिनी. आता प्रशिक्षकांची वार्षिक परीक्षा तीच घ्यायची. उलटल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय तीन मिनिटांत परत आत बसायचं. जमलं तर परवाना आणखी एक वर्ष. नाही जमलं तर लोकांना घेऊन समुद्रात जाणं बंद. तीस वर्षं मास्तरांनी दुसरं काहीच केलं नव्हतं.

त्यांनी कयाक सुलटी केली. वल्ह्याच्या एका पात्यावर पिशवी चढवून ती तोंडाने फुगवली. वल्हं बैठकीमागे आडवं टाकलं, म्हणजे तरंगणाऱ्या पिशवीचा आधार होतो. मग पाय मारत ते मागच्या बाजूला पोटावर चढू लागले. ऐन वेळी उजव्या खांद्याने दगा दिला आणि ते धपकन पाण्यात पडले.

"घाई नाही हं, मास्तर."

दुसऱ्यांदा मात्र सगळं सोपं झालं. लाटा होत्या तशाच होत्या, पण कयाक घरच्या पलंगासारखी स्थिर. एक पाय आत, दुसरा आत, कूस बदलून ते बसलेसुद्धा.

"पास!" ती ओरडली. "दोन मिनिटं चाळीस!"

मास्तर हसले नाहीत. ही स्थिरता त्यांच्या ओळखीची होती. चढणाऱ्याचं तोंड मागच्या टोकाकडे असतं, पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. घाबरलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या कयाकचं पुढचं टोक त्यांनी असंच पाण्याखालून धरलं होतं आणि वर, "बघ, जमलं की तुझं तुला!" म्हणून पाठ थोपटली होती. कोणाला पत्ता लागला नाही, अशी आपली त्यांची समजूत.

"मी टोक धरायचो, ते तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी." ती ओला हात मांडीला पुसत होती. "बोलले नाही. बरं वाटलं होतं तेव्हा."

"सरावात धरायचो. परीक्षेत कधी धरलं?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! तुम्हाला नापास लिहायला हात नाही होत माझा."

"अगं, उद्या माझ्यामागे आठ जण असणार. लाट आली, मीच उलटलो, तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

ती काही म्हणायच्या आत त्यांनी अंग एका बाजूला टाकलं.

या वेळी ते खाली रेंगाळले नाहीत. एकदा चढून पाहिलं, दोनदा, तीनदा. खांदा काही केल्या ऐकेना. तीन मिनिटं कधीच संपली. शेवटी कयाकला गाल टेकून ते नुसते तरंगत राहिले. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लाज मात्र वाटली नाही.

"आता धर," ते म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी, उघड उघड धरली. ते सावकाश आत जाऊन बसले.

"लिही."

"काय लिहू?"

"झालं ते."

तिने नाक ओढत लिहिलं. मास्तरांनी हातपंपाने आतलं पाणी उपसलं आणि दोघं किनाऱ्याकडे वळली. चार वल्ही मारल्यावर रोजच्या सवयीने त्यांनी माणसं मोजायला मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ऊन पडलेला समुद्र तेवढा होता, लांबवर, हळूहळू हलणारा.

थोडं पुढे जाऊन त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.