तीन मिनिटांची साक्ष

लोरीनने कागद टेबलावर ठेवला आणि तळहाताने त्याच्या घड्या मोडल्या. समोर समितीचे सिनेटर बसले होते. त्यांतले दोघे फोनमध्ये डोकं घालून. टेबलावरचा छोटा दिवा हिरवा झाला; तिची तीन मिनिटं सुरू झाली.

"नाव सांगा, बाई. एकेक अक्षर सुटं करून," अध्यक्ष म्हणाले.

तिने सांगितलं. 'हावलिक'चं शेवटचं अक्षर येईतो आवाज बसला. पहाटे निघाल्यापासून ती फक्त पेट्रोल पंपावरच्या माणसाशी बोलली होती. त्याआधी कोणाशी, ते तिला आठवावं लागलं असतं.

विधेयक साधं होतं. जनावराला उपाशी मारणाऱ्याला आजवर दंडावर सोडत, आता तुरुंग होणार होता. आणि कुणी तक्रार केली, तर शेरीफच्या माणसाला दोन दिवसांत जाऊन ते जनावर डोळ्यांनी पाहावंच लागणार होतं.

तिच्याआधी रॉस कुबिक विरोधात बोलून गेला होता. तिच्याच भागातला गुरं पाळणारा. "बर्फात रस्ते बुजतात, चारा पोचत नाही," तो म्हणाला होता. "इथे राजधानीत, लिंकनमध्ये उबेला बसून आम्हाला गुन्हेगार ठरवू नका. आणि माझी बायको मला उपाशी ठेवते, त्याची तक्रार कुठे करू?"

मागची माणसं हसली होती.

लोरीन वाचू लागली. प्राणिमित्र संस्थेच्या टेसने तिने संस्थेला लिहिलेलं पत्र वाचून तिला बोलावलं होतं आणि मजकूर टाइप करून दिला होता.

"घोडीचं नाव पर्ल. वय एकोणीस. आमच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात ती भुकेने मेली. तिचा मालक..."

ती थांबली. कागद तिने पालथा घातला.

"मालक मीच."

फोनमधली दोन्ही डोकी वर आली.

"घोडी माझ्या नवऱ्याची. एमिल ऑक्टोबरात गेला. सुरुवातीला मी जायची चारा घालायला. मग उठवेना. सकाळी ती फळीवर खूर मारायची, ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मी रेडिओ लावायची." तिने पालथ्या कागदावर तळहात ठेवला. "फेब्रुवारीत एके दिवशी रेडिओ लावला नव्हता, तरी काही ऐकू आलं नाही."

दिवा पिवळा झाला. कडेची एक सिनेटर पुढे झुकली.

"बाई, हा कायदा तेव्हा असता, तर तुम्हाला तुरुंग झाला असता. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी तुम्ही बाजूने बोलताय?"

"घर रस्त्यापासून आत आहे. त्या हिवाळ्यात चार महिने दारात कोणी आलं नाही. कायदा असता, कोणी नुसती तक्रार केली असती, तरी कोणीतरी आलं असतं. घोडी बघायला का होईना."

दिवा लाल झाला होता. अध्यक्षांनी तो पाहिला नाही. मग हलकेच म्हणाले, "आभारी आहोत."

बाहेर टेसने तिला गाठलं. "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली. थोडी घुटमळली आणि पुढच्या साक्षीदाराला शोधायला आत गेली. मतदान आज नव्हतंच.

लोरीन कोटाची बटणं लावत राहिली. शेवटच्या बटणापाशी तिला दिसलं, रॉस कुबिक हातात टोपी धरून उभा आहे.

"एमिलची बायको ना तुम्ही? मला माहीत होतं तो गेल्याचं." त्याने टोपीची कड फिरवली. "दर गुरुवारी गवताच्या गाठी घेऊन मी तिथूनच जायचो. तुमच्या धुराड्यातून धूर दिसायचा. म्हटलं, बरं चाललं असेल."

लोरीनने शेवटचं बटण लावलं.

"मी अजून विरोधातच आहे," तो म्हणाला.

"असू द्या."

त्याने जड दार उघडून धरलं. वारा आत आला. ती त्याच्या शेजारून पायरीवर उतरली, तेव्हा तो मागून म्हणाला,

"या गुरुवारी जाताना हॉर्न वाजवीन."

लोरीन वळली.

"हॉर्न नको," ती म्हणाली. "उतरून या."