बंबात घातलेली वही

उचगावच्या हंबीररावांना एकाच प्रश्नाची धास्ती होती. "पोरगी काय शिकती?" असं कुणी विचारलं, की ते घाईनं चहा मागवायचे, नाहीतर उसाचा विषय काढायचे. अगदीच अडकले तर ठोकून द्यायचे, "बी.एस्सी. करतीया की!"

करत होती ती बी.ए. तीही कोल्हापुरातल्या एका मिशनच्या कॉलेजात, आणि विषय तत्त्वज्ञान! बारावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडलेल्या पोरीसाठी बापानं राजारामपुरीतला डॉक्टरकीचा क्लास ठरवला होता. स्वप्नालीनं मात्र हट्टानं तत्त्वज्ञान घेतलं. तेव्हापासून हंबीरराव तिला 'महाराज' म्हणायचे. "या महाराज, म्हशीला रेडी हुईल का रेडा, तेवढं सांगा." पंगतीला बसलेले सगळे खिदळायचे. पोरगी ताट अर्धं टाकून उठायची, पण तिकडं बघतो कोण?

ती शेवटच्या वर्षाला असताना गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलाचे चुलते पिराजीराव खुर्चीत ऐसपैस बसले आणि पोहे संपवून म्हणाले, "बी.एस्सी.ला विषय कुठला, बाळ?"

"बी.ए. करते मी. तत्त्वज्ञान," स्वप्नालीनं सरळ सांगितलं. कॉलेजचं नावही सांगितलं.

पिराजीराव पोट धरून हसले. "आरं तिच्या! म्हंजे पोरगी एक तर कीर्तन करणार, न्हायतर बाटणार! आन तुम्ही बी.एस्सी. म्हणून खपवत हुता व्हय, हंबीरराव?"

सगळी खोली हसली. हंबीररावांची कानशिलं तापली. खोटं आपण बोललो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ते ताडकन उठले, टेबलावरची पोरीची जाडजूड वही उचलली आणि मागच्या दारी पेटलेल्या बंबात कोंबली.

"घ्या! संपलं तत्त्वज्ञान! बसा आता, पावणं."

वर्षभर हातानं लिहिलेला प्रकल्प होता तो. तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती. स्वप्नाली बंबापाशी धावली, पण पानं पेटली होती. तिची आई संयोगिता तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली. पावण्यांनी बंबातल्या गरम पाण्यानं हात धुतले, आणि जाताना बजावलं, "कॉलेज सोडवा, मग बघू."

दुसऱ्याच दिवशी हंबीरराव पोरीला घेऊन दाखला काढायला कॉलेजात गेले. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एस्तेर सातपुते मॅडमनी अर्ज वाचला आणि स्वप्नालीला विचारलं, "आणि प्रकल्प?"

"आप्पांनी बंबात घातला."

मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. मग हंबीररावांकडं वळल्या. "का हो?"

"मग काय करायचं? असलं शिकून पोट भरतंय का? वर तुम्ही पोरी बाटवताय, म्हणत्यात लोक!"

"तीन वर्षांत इथं तिचा धर्म कुणी विचारला नाही. प्रश्न विचारायला मात्र शिकवलं. तुम्ही काय जाळलंत, ते माहीत आहे?"

"काय असणार? पुस्तकातलं कायतरी."

"धैर्य म्हणजे काय, हा तिचा विषय होता. आणि पहिलं उदाहरण तुमचं होतं, हंबीरराव!"

"माझं?" हंबीरराव चमकले.

"दूध संस्थेत तुम्ही फॅट मोजायला होता. चेअरमनच्या घरच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा ते रांगेदेखत परत केलंत. नोकरी गेली. गाव तुम्हाला येडा म्हणून हसला. ही पोर तेव्हा किटली धरून तिथंच उभी होती. चौदा पानं लिहिली होती तिनं तुमच्यावर! अख्ख्या गावाचं हसणं सोसलेला माणूस तुम्ही, आणि काल चार पावणे हसले तर लेकीचं वर्ष जाळलंत?"

अरेरे! हंबीररावांना कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी अर्ज फाडला. "चुकलं माझं, पोरी. त्या दिवसाचं सगळं सांगतो मी. पुन्हा लिही."

स्वप्नालीनं त्यांना काही विचारलं नाही. रोज पहाटे उठून तिनं प्रकल्प पुन्हा लिहून काढला. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या बाकावर बसून हंबीररावांनी नवी वही मागून घेतली. दोनदा चाळली.

"माझी पानं कुठायत गं?"

"काढली, आप्पा. हे अजून खरं आहे का, असं परीक्षकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

तिनं वही घेतली आणि ती आत गेली.

हंबीररावांनी तिथूनच गडहिंग्लजला फोन लावला. "पिराजीराव, पोरगी तत्त्वज्ञानच शिकती आणि शिकणार. खोटं मी बोललो हुतो." पलीकडं हसण्याचा गडगडाट झाला. यावेळी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. पण वहीत ती पानं काही परत आली नाहीत.

मंडळी, लेकरानं काय शिकावं हे पावण्यांच्या हसण्यावर ठरवू नका! पावणे हसून आपल्या गावाला निघून जातात. लेकरू मात्र आपल्याच घरात असतं, आणि आपल्याकडं बघत असतं.