अल अमेरातच्या गच्चीवरची बुडी

देवाशपथ, भाकरीशपथ, आणि एवढ्यावरही कुणाचा भरवसा बसत नसेल तर माझ्या सकाळच्या चहाचीसुद्धा शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! काही खोटं निघालं तर मी चहा बिनसाखरेचा पिईन. आता मुकाट ऐका.

ही गोष्ट कुंभकोणमच्या मीराबाईची. कुंभकोणम म्हणजे तिकडं तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी. तंजावरला आपले मराठे राजे होते ना, त्यांच्यामागून गेलेली माणसं तिथंच रुजली. इतक्या पिढ्या उलटल्या तरी घरात मराठीच बोलतात. फक्त ती मराठी अशी, की वाक्य मराठीत उठतं आणि तमिळच्या चालीवर बसतं. मीराबाईनं तोंड उघडलं की तिची पुण्याची सून अस्मिता ओठ चावून हसू आवरायची.

त्या गावात देवळं किती म्हणाल? चालताना ठेच लागली तर समजायचं, देऊळच असणार. देव तेवढा फुकट, बाकी सगळं विकत. मोगऱ्याचे गजरे, पितळेचे दिवे, विड्याची पानं, कॉफी, आंघोळीचं गरम पाणी. चपला सांभाळायचेसुद्धा पैसे. आणि बारा वर्षांतून एकदा महामहम आलं की विचारूच नका. तिथल्या मोठ्या तळ्यात त्या दिवशी गंगा, यमुना, नर्मदा सगळ्या नद्या जमिनीखालून गुपचूप येतात म्हणे, माहेरवाशिणींसारख्या. लाखो माणसं बुडी मारायला येतात आणि गाव आपल्या ओसऱ्यासुद्धा भाड्यानं देतं.

आता ज्याला यायला जमत नाही, त्यानं काय करायचं? त्याचीही सोय आहे. दर्भाची बाहुली करायची, त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि तीनदा पाण्यात बुडवायची. बुडवणाऱ्याला पुण्य रुपयाभर, त्यातले दोन आणे त्या लांबच्या माणसाला. हे शास्त्रातच आहे, मी नाही बनवलं.

दोन हजार चार सालच्या महामहमला मीराबाईनं गाव सोडून गेलेल्या सगळ्यांच्या बाहुल्या केल्या होत्या. मुंबईतल्या, दुबईतल्या, कुठल्या कुठल्या. पदरात इतक्या खोचल्या, की बाई तळ्यात उतरली ती बुडेचना! लाकडासारखी तरंगायला लागली. शेवटी दोन पोलिसांनी खांदे दाबले, तेव्हा कुठं डोकं पाण्याखाली गेलं. आणि त्याच क्षणाला सिंगापूरला तिचा मावसभाऊ भर मीटिंगमध्ये शिंकला. एसीतला माणूस, पण कानात पाणी! मीराबाई छातीवर हात ठेवून सांगायची, "ज्याच्या नावानं बुडी, त्याला तिथं ओल कळते."

पुढं नवरा गेला. मुलगा निशांत मस्कतला होता, तो म्हणाला, "अम्मा, एकटी कशाला राहतेस?" आणि घेऊन आला मस्कतजवळच्या अल अमेरातला. म्हणजे तिथं एकटी राहत होती ती इथं येऊन एकटी राहायला लागली, एवढंच.

सकाळी अंधार असतानाच निशांत जायचा, मग नातीची शाळेची बस, मग अस्मिता. दार लागलं की घरात फक्त एसीचा आवाज. मीराबाई कुंभकोणमहून आणलेल्या पितळी फिल्टरमध्ये सवयीनं दोघांची कॉफी गाळायची. एक कप प्यायची. दुसरा गार झाला की तोही प्यायची. मग गच्चीवर. चहूकडं तपकिरी डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही. नव्या नव्या इमारती, आणि त्यांना पाणी पुरवत फिरणारे निळे टँकर. त्यांच्या ड्रायव्हरांपैकी हारून नावाचा एक पांढऱ्या दाढीचा माणूस खालून हात करायचा, "खाला, सब खैरियत?" खाला म्हणजे मावशी. दिवसभरात तिला कुणी आपणहून विचारलेलं वाक्य तेवढंच. नात उर्वी शाळेतून आली की टॅबमध्ये. मीराबाईनं काही विचारलं तर म्हणायची, "आजी, वन मिनिट." ते मिनिट काही संपायचं नाही.

दोन हजार सोळा उजाडलं, आणि महामहम आलं. फेब्रुवारीत.

"मी जाऊन येते," मीराबाई म्हणाली.

निशांतनं जेवता जेवता घास खाली ठेवला. "अम्मा, तेलाचा भाव पडलाय. ऑफिसात रोज कुणाला तरी घरी पाठवतायत. मला सुट्टी मागायची सोय नाही, आणि त्या गर्दीत तुला एकटीला नाही सोडणार. आणि दुपारी उर्वीजवळ कोण?"

"आमच्या नाशिकच्या सिंहस्थासारखंच ना ते?" अस्मिता म्हणाली. "आई, पुढच्या वेळी आपण सगळेच जाऊ."

"पुढची वेळ बारा वर्षांनी, पोरी. तेव्हा मलाच कुणीतरी मडक्यातून नेईल."

"काहीतरीच काय बोलता, आई!" असं म्हणून अस्मितानं तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. विषय संपला.

मग उरली मीराबाईमागं कुंभकोणमचं घर सांभाळणारी धाकटी बहीण, गंगुबाई. मीराबाईनं फोन लावला.

"गंगू, माझी बाहुली बुडवशील ना?"

"बुडवते गं अक्का. पण इथं काय चाललंय बघ तरी! घरात माणूस मावत नाही. माझ्या उशीवर कोईमतूरचा एक म्हातारा झोपलाय."

"मग तू कुठं झोपतेस?"

"झोपतंय कोण!"

"आणि माझी खोली?"

"तुझ्या खोलीत सेलमचं एक कुटुंब आहे. पलंगावर चौघं. आडवे घातलेत."

मीराबाईला आधी हसू आलं. आपल्या पलंगावर चौघं, आणि आपण एकही नाही. "दर्भ आणलास का?" तिनं विचारलं.

"आणते ना. अहो, कॉफी तिकडं द्या! तिकडं! अक्का, ठेवू का?"

दर दोन दिवसांनी फोन, दर वेळी "आणते." शेवटी मीराबाई म्हणाली, "हे बघ, बोलायला वेळ नसेल तर बोलू नकोस. बाहुली बुडवलीस की नुसता मिस्ड कॉल दे. दोन रिंगा वाजव आणि ठेव. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. मला कळेल, कुणीतरी मला बुडवलं."

"एवढंच ना? देते."

मीराबाईला पुण्याची फार हाव होती असं नाही. पण त्या लाखो माणसांत, त्या गोंधळात, कुणीतरी एकदा तिचं नाव मोठ्यानं घ्यावं. मीराबाई. बस.

महामहमचा सोमवार उजाडला. मुहूर्त तिकडं दुपारी बाराचा, म्हणजे इकडं साडेदहाच्या सुमाराचा. मीराबाईनं सकाळपासून पाण्याला हात लावला नाही. उगाच ओल कुठून आली याचा घोळ नको. लग्नातली हिरवी रेशमी साडी नेसली, फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण अर्धं उघडं, आणि गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिली.

साडेदहा झाले. तिनं हात चाचपले. कोरडे. कान चाचपले. कोरडे. तिकडं आता माणसांचा दर्या तळ्यात उतरत असेल. अकरा झाले. गंगू विसरली असेल का? नाही, निघाली असेल, गर्दीत अडकली असेल. की सेलमच्या त्या बाईनं इडल्या मागितल्या असतील? ऊन तापलं. टाळूला हात लावला तर टाळू पापडासारखी. समोरचे डोंगर तिच्याकडं बघत होते आणि ती डोंगरांकडं. दोघंही सारखीच कोरडी. डब्यातला फोन गप्प.

"गंगू," ती हळूच म्हणाली, "दर्भ नसेल मिळाला तर साधं गवत घे. मला चालेल."

तेवढ्यात खाली हारूनचा टँकर लागला. जाडजूड पाइप खांद्यावर टाकून तो गच्चीवर आला. मीराबाईला त्या नटव्या साडीत बघून जरा दचकला.

"खाला, आज शादी है क्या?"

"आज नहाने का दिन है," मीराबाई म्हणाली.

हारूनला काही उमगलं नाही. त्यानं पाइप टाकीत सोडला आणि खाली ओरडला, "यल्ला!" खालच्या माणसानं पंप चालू केला. आणि मग काय सांगू! तो पाइप टाकीतून उसळून बाहेर आला, चांगला फणा काढून उभा राहिला, त्यानं गच्चीभर नजर फिरवली आणि बरोबर मीराबाईला गाठलं. धाडकन पाणी डोक्यावर! हारून धरायला धावला तर पाइप निसटला. पुन्हा! पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा! बरोबर तीनदा, कमी नाही की जास्त नाही. मग आपोआप शांत झाला आणि शहाण्यासारखा टाकीत जाऊन पडला.

मीराबाईच्या अंबाड्यातून कुंभकोणमचं विड्याचं हिरवंगार पान निघालं, आणि पायाशी बोटभर मासा तडफडत होता. टँकरमध्ये मासा कुठून येणार, सांगा! हारूननं टाकीजवळच्या तांब्यात पाणी घेऊन तो त्यात सोडला.

"माफ करना खाला, माफ करना!" बिचारा कान पकडत होता. "पूरी भीग गई आप!"

"हारूनभाई," मीराबाई म्हणाली. पाणी नाकातून, हनुवटीवरून निथळत होतं. "एक काम करोगे? मेरा नाम लो. जोर से."

"नाम? खाला का नाम तो... मालूम नहीं."

"मीराबाई."

हारूननं डोंगरांकडं तोंड केलं आणि टँकरवाल्याच्या दणदणीत आवाजात हाळी दिली, "मीराबाई!" समोरच्या डोंगरानंही म्हटलं, मीराबाई. आणि त्याच वेळी डब्यातला फोन वाजला. एक रिंग. दोन रिंगा. बंद.

संध्याकाळी उर्वीनं दोरीवरची हिरवी साडी बघितली. "आजी, तू हे... वेट का केलं?"

"बस इथं, सांगते," मीराबाई म्हणाली. आणि त्या दिवशी पोरीनं वन मिनिट म्हटलं नाही, कारण तांब्यात मासा होता.

तर अशी ही गोष्ट. टँकर खरा, तीन बुड्या खऱ्या, विड्याचं पान खरं. मासा तर शंभर टक्के खरा, त्याची मी दुसरी शपथ घ्यायला तयार आहे.

एवढंच, की त्या दोन रिंगा मी पदरच्या घातल्या. फोन डब्यात संध्याकाळपर्यंत न वाजता पडून होता, आणि दुसऱ्या दिवशीही. पण बाई एवढी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, तिला शेवटी कोरडी कुठं सोडू? उद्याचा चहा बिनसाखरेचा पिईन मी. करा बिनसाखरेचा.