कमलबाईचा हात

बेंबी बसवावी तर कमलबाईनं, याबद्दल आखाडा बाळापूरच्या आसपासच्या दहा-बारा गावांत कुणाचं दुमत नव्हतं. ओझं उचललं, पाय वाकडा पडला, पोटात कळ उठली की माणूस तिच्या दारात हजर. ती त्याला उताणं निजवायची, बेंबीवर अंगठा रोवायची आणि आतला ठोका कुठं लागतो ते डोळे मिटून बघायची. ठोका वर सरकलेला असला तर तेलाचा हात लावून ओढत ओढत खाली आणायची, मग माणसाला उभं करून टाचा आपटायला लावायची. घाम सुटला की बेंबी बसली, हे तिचं शास्त्र.

पैसे ती घेत नसे. घ्यायची तो मान. वरच्या आळीतल्या ज्या बायका एरवी बौद्धवाड्यातलं पाणी प्यायला कचरत, त्या बेंबी सरकली की तिच्यापुढं लुगडं सैल करून निमूट आडव्या व्हायच्या. कमलबाई अशा वेळी अंगठा जरा जास्तच जोरात दाबायची, असं तिची जाऊ म्हणे. मला काही ते खोटं वाटत नाही.

या हाताचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे तिचा नवरा, जळबा. हळद शिजवणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या. शिमग्याच्या आगेमागे दोन महिने त्याचा मुक्काम कढईपाशीच. वय बावन्न, अंगानं दणकट, बिडीचं बंडल दिवसाला दोन, आणि जेवताना लोणच्याचा खार वाटीनं लागायचा. बायकोचं कौतुक सांगायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. "दवाखाने काढलेत लोकांनी, पर आमच्या घरात बिनपाटीचा दवाखाना हाये," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि कमलबाई लटकं रागवायची.

जळबाचं ते दुखणं निघालं त्याच्या महिनाभर आधी उपकेंद्राच्या शकुंतला सिस्टरनं विहारात बाया-माणसं जमवून सभा घेतली होती. यंत्राचा पट्टा दंडाला बांधून तिनं सगळ्यांचा बीपी बघितला, तर जळबाचा भलताच चढलेला. सिस्टरनं गोळ्या लिहून दिल्या, बिडी सोडा म्हणाली, खार बंद करा म्हणाली. जळबानं गोळ्या आठ दिवस खाल्ल्या. मग डोकं दुखायचं थांबलं, तशा गोळ्याही थांबल्या. सिस्टरनं असंही सांगितलं होतं, की छातीत कळ येते, जबड्यात येते, डाव्या हातात उतरते, कधी कधी नुसतं पोटाच्या वरच्या अंगाला दुखतं आणि दरदरून घाम येतो. त्यावर कमलबाईनं उठून विचारलं होतं, "घाम तर बेंबी बसल्यावर बी येतो. मग आमी काय समजायचं?" सगळी सभा हसली.

"कमलबाई," सिस्टर म्हणाली होती, "चाळिशीच्या पुढच्या माणसाला असा घाम आला तर बेंबी मागून. आधी गाडी बोलवा."

हेही लोकांना हसण्यासारखंच वाटलं. सिस्टर मात्र हसली नव्हती.

पुढची गोष्ट दोन हजार दोनच्या मार्च महिन्यातली. सकाळी आठच्या सुमाराला जळबा कढईवरून घरी आला, तो पोट धरून. ओल्या हळदीचं पोतं उचलताना कळ आली म्हणाला. छातीच्या खाली, बरोबर मधोमध. "सरकली वाटतं," म्हणत तो आपण होऊनच उताणा झाला. कमलबाईनं अंगठा ठेवला. ठोका वर होता आणि घाईघाईनं पडत होता. तिनं तेल घेतलं, ओढून ओढून ठोका खाली आणला, जळबाला उभं केलं आणि टाचा आपटायला लावल्या. वीसेक वेळा आपटल्यावर त्याचा सदरा पाठीला चिकटला.

"बसली," कमलबाई म्हणाली.

"बसली," जळबाही म्हणाला, आणि चेहरा ओढलेला असतानाही हसला. वरून त्यानं भाकरी खाल्ली, चहा प्याला आणि परत कढईवर गेला. चुलाण्यात जळणाची फणकटं सारत तासभर उभा राहिला.

दहा वाजता तो पुन्हा दारात. या वेळी कळ डाव्या दंडात उतरली होती. दंडाचं त्यानं सांगितलं आणि कमलबाईनं ऐकलंसुद्धा. सिस्टरचं बोलणं तिला त्या क्षणी आठवलं, अगदी शब्दाला शब्द आठवलं. पण आज सिस्टरला बोलवायचं म्हणजे उद्यापासून कुणी आपल्या दारात यायचं नाही, हेही त्याच क्षणी तिच्या मनात आलं. मनात दोन्ही होतं, आणि तिनं तेलाची वाटी उचलली. माणसाची मती फिरते ती अशी भर सकाळी, शुद्धीवर असताना फिरते.

दुसऱ्यांदा बसवताना तिनं सगळा जीव अंगठ्यात आणला. टाचा पन्नास वेळा आपटायला लावल्या. जळबा आपटत राहिला. मध्ये एकदा भिंतीला टेकला, तर ती म्हणाली, "आनखी थोड्या मारा, येऊन राहिली जाग्यावर." घाम इतका आला की धोतरसुद्धा भिजलं. तो जमिनीवर बसला. कमलबाई त्याला पदरानं वारा घालत होती आणि घाम बघून स्वतःची समजूत काढत होती.

बाराला त्याला उलटी झाली. अंग गार पडलं. ओठ पांढरे दिसायला लागले, तशी मात्र कमलबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दीर दगडोबाला हाक मारली आणि तो धावत जाऊन सिस्टरला घेऊन आला. सिस्टरनं नाडी धरली, अॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावली, आणि एक शब्द वाया न घालवता म्हणाली, "गाडी. आणि ह्यांना एक पाऊलसुद्धा चालवायचं न्हाई. उचलून न्या."

किसनसिंगची काळीपिवळी जीप फाट्यावर सीटा भरत उभी होती. त्यानं भरलेल्या सीटा खाली उतरवल्या आणि जीप थेट दाराशी आणली. बाळापूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली आणि ती हातात धरूनच विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

दगडोबानं वहिनीकडं पाहिलं. दारात गावातली चार माणसं उभी होती, तीही तिच्याकडंच बघत होती.

"बारापासून," कमलबाई म्हणाली. "आत्ताच."

"मग वेळ आहे," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या नसेत गुठळी अडकलीय. नांदेडला ती विरघळवायचं इंजेक्शन देतात. जितकं लवकर, तितकं बरं. गाडी थांबवू नका कुठं." त्यांनी जिभेखाली एक गोळी ठेवली. जळबाची कळ जराशी उतरली, आणि घोटाळा तिथंच झाला. बाहेर बाकड्यावर टेकवलं, तर तो जीपमध्ये चढायला तयार होईना.

"नांदेड गिंदेड काही न्हाई," तो म्हणाला. "बरं वाटून राहिलंय मला. दगडू, घरी घे. कढई तशीच हाये."

सिस्टरनं समजावलं, डॉक्टरनं दरडावलं, दगडोबा पाया पडला. जळबा ढिम्म. शेवटी त्यानं कमलबाईला जवळ बोलावलं आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "येडी हाईस काय तू? कमलबाईचा नवरा पोट दुखतंय म्हनून नांदेडला गेला, असं झालं तर उद्या कोन येईल तुज्याकडं? तू बसवलीस ना? मग बसली. मला ठावं हाये."

कमलबाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हा माणूस मरायला टेकला होता आणि तिची अब्रू सांभाळत बसला होता. आता त्याला गाडीत घालायचं तर एकच वाट होती. त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता, आणि तिच्यावर होता तोच मोडायला हवा होता.

ती त्याच्यापासून दोन पावलं मागं सरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"काही बसली न्हाई. मला काही येत न्हाई. ह्या हातात काहीसुदिक न्हाई, तेवीस वर्सं लोकांना फसवलं म्या. डाक्टरसाहेब, सकाळी आठपासून दुखतंय त्यांना. दोनदा टाचा आपटायला लावल्या म्या. दंडात कळ उतरली तवाच मला समजलं व्हतं, तरी लावल्या."

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं. दीड वाजून गेला होता. ते तिला रागानं काहीतरी बोलणार होते, ते त्यांनी गिळलं. "निघा," एवढंच म्हणाले.

जळबा तिच्याकडं बघत राहिला. मग कुणी न सांगता त्यानं हात वर केले आणि दगडोबानं आणि किसनसिंगनं त्याला उचलून आत ठेवलं. कमलबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. किसनसिंगनं हॉर्नवरचा हात काढला नाही, बैलगाड्या, ट्रक, एसटी सगळ्यांना बाजूला सारत त्यानं जीप हाणली. आसना नदीच्या पुलावर जळबाचे डोळे फिरले. सिस्टरनं गालांवर चापट्या मारल्या तेव्हा ते पुन्हा उघडले.

नांदेडच्या दवाखान्यात त्याला खाटेवर घेतलं, छातीला वायरी चिकटवल्या, आणि इंजेक्शनचं औषध सलाईनमधून थेंब थेंब सुरू केलं. तासभर लागेल म्हणाले. फार उशीर झालाय, पण बघू म्हणाले. सिस्टरनं तिथल्या डॉक्टरांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी कमलबाईला खाटेपाशी उभं राहू दिलं.

अर्ध्या तासानं जळबानं तिचा हात चाचपून धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"खरं सांग," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "काहीच न्हाई ह्यात?"

आहे, असं सांगावं म्हणून तिचा जीव तुटत होता. पण या माणसाबरोबर तिनं तीस वर्षं काढली होती. आहे म्हटलं असतं तर तो नळ्या उपटून उठला असता आणि घरी चल म्हणाला असता. अजून अर्धी बाटली जायची होती.

"न्हाई," ती म्हणाली.

त्यानं तिच्या हातावरचा आपला हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं.

बाटली संपू दे, कमलबाईनं मनाशी ठरवलं. एवढी बाटली संपली की सांगते. तुमाला गाडीत घालायचं व्हतं म्हनून बोलले, अवो, खोटं बोलले मी. तेवीस वर्सांत एवढ्या माणसांना गुण आला तो काय उगीच? मग तो हसेल, बिनपाटीचा दवाखाना म्हणेल. ती शब्द जुळवत होती आणि थेंब मोजत होती. बाटलीत चार बोटं औषध उरलं असताना यंत्राचा आवाज बदलला. माणसं धावत आली, तिला बाजूला लोटलं आणि कुणीतरी जळबाच्या छातीवर दोन्ही हात रोवून जोरजोरात दाबायला लागलं. दाराबाहेरून तिला फक्त खाटेचं करकरणं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळानं ते थांबलं.

तिथला डॉक्टर बाहेर आला. पोरगेलाच होता. "सकाळीच आणलं असतं तर," तो म्हणाला, आणि दगडोबा खाली बसून हंबरडा फोडून रडायला लागला.

कमलबाई रडली नाही. ती आत गेली. जळबाचं तोंड भिंतीकडं होतं ते तिनं आपल्याकडं वळवलं, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "अवो, खोटं बोलले मी. लई गुण हाये ह्या हातात. ऐकून राहिले ना?"

तिनं ते पुन्हा पुन्हा सांगितलं, दर वेळी आणखी मोठ्यानं. आणि खोटं आपण आत्ता बोलतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.